शिक्का, किल्ली आणि काकांचा लॅपटॉप

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच: ऑफिस, गळणारी गॅलरी आणि आळस. पण हे लिहायचं काकांना कबूल केलंय, त्यामुळे सुटका नाही. नातेवाईक मंडळींना यातली अर्धी गोष्ट माहीत आहे (आणि दोष कुणाचा यावर चार वेगवेगळी मतंही आहेत!). उरलेली अर्धी, म्हणजे लॅपटॉपच्या पोटातली, आज सांगते.

आमचं जुनं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नदी थेट माजघरात आली. राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. घर सोडताना काकांनी टीव्ही उचलला नाही, काकूंची शिलाई मशीन उचलली नाही. उचलली ती पत्र्याची ट्रंक. त्यात आमच्या घराण्याचे मोडी कागद होते, तीन रुमाल. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. जुन्या दप्तरात कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. जमाखर्च, कबुलायती, भाऊबंदकीतले तंटे, शेताच्या बांधावरून झालेली भांडणं. राजेरजवाड्यांचं काही नाही. आमच्या पूर्वजांनी मोहिमा वगैरे काही केल्या नाहीत, फक्त हिशेब लिहिले आणि बांधावरून भांडले.

पाणी ओसरल्यावर काकांनी ठरवलं की हे कागद आता पाण्याच्या भरवशावर ठेवायचे नाहीत. निवृत्तीनंतर ते हौसेने मोडी शिकले होतेच. रोज सकाळी दोन तास भिंग घेऊन बसायचं, एक कागद लावायचा, देवनागरीत उतरवायचा आणि काँप्युटरवर टाइप करायचा. जवळजवळ सहा वर्षं हे चाललं. २०२४ च्या दिवाळीत आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांना नवा लॅपटॉप घेतला, कारण जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चढेना. मी स्वतः सगळं त्यावर हलवलं, जुनी डिस्क पुसली आणि डेस्कटॉप भंगारात दिला. "आता काळजी नाही काका, नवीन मशीन आहे," असं मीच म्हणाले होते. हे वाक्य आत्याने नंतर मला बऱ्याचदा ऐकवलं.

जून २०२५ मध्ये विजेचा काहीतरी घोटाळा झाला आणि लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. दुकानदाराने नवा बसवून दिला. लॅपटॉप सुरू झाला, निळा पडदा आला आणि त्याने ४८ आकडी किल्ली मागितली.

ती किल्ली आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने पटकन एक खातं उघडून दिलं होतं, किल्ली त्या खात्यात जमा झालेली असणार. ते कुठल्या पत्त्यावर उघडलं हे त्या मुलाला आठवेना, काकांना माहीतच नव्हतं, आणि मी, जी या धंद्यात वीस वर्षं काढून बसलेय, मी विचारलंच नव्हतं. डिस्क धडधाकट. त्यावरचं प्रत्येक अक्षर जागच्या जागी. पण वाचता येणार नाही. कुणालाच.

काका शांत होते. चहा पिऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "मला ह्यो प्रकार नीट समजावून सांग की. कुलूप हाय कुठं, आनि किल्ली हाय कुठं?"

काका कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत हेड कॅशियर होते. कुलूप आणि किल्ली हा त्यांचा आयुष्यभराचा विषय, त्यामुळे थातुरमातुर उत्तर चालणार नव्हतं. मी सुरुवात केली एटीएम कार्डापासून, कारण त्यांना ते नक्की आठवेल अशी खात्री होती. कोल्हापूरचा या विषयाशी अगदी जवळचा संबंध आहे, आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर (१९०६ सालची जुनी सहकारी बँक) सायबर हल्ला झाला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बारा हजारांवर व्यवहार होऊन सुमारे ७८ कोटी रुपये गेले, आणि भारतातल्या एटीएममधून २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टच्या मार्गाने १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. भारतातल्या त्या अडीच कोटींपैकी सुमारे ९० लाख निघाले ते आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून! शंभराच्या आत बनावट कार्डं घेऊन माणसं यंत्रापुढे उभी राहिली आणि नोटा पिशवीत भरून गेली. पुढे सीसीटीव्हीवरून माणसं सापडत गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. कटाचा मेंदू मात्र देशाबाहेर होता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याची जबाबदारी उत्तर कोरियावर टाकली. प्योंगयांगहून दोरी ओढली आणि कोल्हापुरात नोटा पडल्या. काकांना हे अजूनही पटत नाही. "कोरियाच्या मान्साला कोल्हापूर दावलं कुनी?" हा त्यांचा प्रश्न तसा बिनतोडच आहे.

बनावट कार्ड करणं तेव्हा सोपं होतं ते मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीमुळे. ती पट्टी साठच्या दशकात आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरीने आणली. प्लास्टिकवर फीत चिकटेना, तेव्हा इस्त्री करत असलेल्या बायकोने सुचवलं की इस्त्रीनेच चिकटवून बघ, अशी गोष्ट सांगतात. पट्टीवर जे लिहिलंय ते दर वेळी तेच. एकदा वाचलं की नक्कल करता येते, कॅसेटवरून कॅसेट भरावी तशी.

चिपचं तसं नाही. १९७४ साली फ्रान्सच्या रोलाँ मोरेनोने चिप-कार्डाचं पेटंट घेतलं आणि १९९२ पर्यंत तिथल्या बँकांची सगळी कार्डं चिपची झाली. चिपच्या आत एक गुपित संख्या असते, आणि ती बाहेर येतच नाही. यंत्र विचारतं, चिप आतल्या आत गणित करते आणि फक्त उत्तर देते. ते उत्तर त्या एका व्यवहारापुरतंच. चोराने ऐकलं तरी पुढच्या खेपेला उपयोग शून्य. रिझर्व्ह बँकेने पट्टीवाली कार्डं बदलायला ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. म्हणजे कोल्हापुरातली ती कार्डं मुदतीच्या जेमतेम साडेचार महिने आधी चालली.

पण इथेच काकांनी मला पकडलं. "समजा सगळी कार्डं चिपची असती, तर पैसे वाचलं असतं?"

खरं उत्तर असं की, कदाचित नाही. कॉसमॉसमध्ये चोरांनी नुसती कार्डं बनवली नव्हती. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मूळ संगणकापर्यंत नेणारा जो मधला दुवा असतो, तिथे त्यांनी आपला खोटा दुवा घुसवला. बँकांकडे चिपचं उत्तर आणि पिन तपासायला एक वेगळी पेटी असते, एचएसएम. तिची सुरुवात इजिप्तमध्ये जन्मलेल्या मोहमद अटाला या अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केली (हाच गृहस्थ १९५९ मध्ये बेल लॅब्समध्ये मॉसफेट ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या दोघांपैकी एक, आजच्या सगळ्या चिपा त्याच कुळातल्या). पेटी फोडायचा प्रयत्न केला तर आतल्या किल्ल्या ती स्वतःच पुसून टाकते. इतका बंदोबस्त! पण विचारणा तिथवर पोचलीच नाही. मधल्या खोट्या दुव्याने परस्पर "हो, द्या पैसे" म्हणून सांगितलं.

काका म्हणाले, "म्हंजे किल्ली चोरलीच न्हाई. पहारेकरीच बदलला."

वीस वर्षांत मी ऐकलेलं या हल्ल्यांचं हे सगळ्यात नेमकं वर्णन. आमच्या ऑफिसात यासाठी चाळीस स्लाइडी लागतात.

मग काकांनी त्यांची स्ट्राँगरूम सांगितली. तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही, आणि एकाने दोन्ही किल्ल्या हातात घेणं हा गुन्हाच. जादा किल्ल्यांचा जोड शाखेत ठेवायचा नाही; लाखेने सील करून दुसऱ्या शाखेत जमा, त्याची वहीत नोंद, दोघांच्या सह्या. काकांच्या लग्नाच्या दिवशी किल्ली हस्तांतर करण्यासाठी नवरदेव सकाळी साडेसातला शाखेत जाऊन सही करून आला होता, ही गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकलेली आहे. मी त्यांना सांगितलं की ती एचएसएमची पेटी चालू करतानाही अगदी असंच करतात. मुख्य किल्लीचे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे, सगळे एकत्र आल्याशिवाय काम नाही. काकांना यात आश्चर्य वाटलं नाही. "मग दुसरं कसं करनार?"

आता लॅपटॉप. १९९९ मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन ठरवलं की काँप्युटरमध्येही अशी एक इवलीशी वेगळी चिप असावी. २००३ मध्ये त्या गटाची नव्याने बांधणी झाली. चिपेचं नाव टीपीएम. त्या काळात नेटवर यावर केवढी वादावादी झाली होती, जुन्या मित्रमंडळींना आठवत असेल! रिचर्ड स्टॉलमनने तर "विश्वासू" नव्हे तर "विश्वासघातकी" काँप्युटर म्हटलं. मालक तुम्ही, पण यंत्र ऐकणार कंपनीचं, अशी भीती होती. मीही तेव्हा तावातावाने याच बाजूने बोलत असे. मग वर्षं गेली, चिप गुपचूप प्रत्येक लॅपटॉपमध्ये येऊन बसली आणि आम्ही भांडणारे विसरून गेलो. २०१४ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं ते "ही चिप नसेल तर आत घेणार नाही" असं सांगतच. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. काकांचा जुना डेस्कटॉप भंगारात गेला तो या हिशेबाने.

ही चिप दोन कामं करते. एक, किल्ली पोटात ठेवते. दुसरं जास्त गमतीचं. लॅपटॉप सुरू होताना एकामागून एक जे जे काही जागं होतं, त्या प्रत्येकाचा ठसा घेऊन ती आपल्या वहीत नोंद करते. या वहीत नोंद वाढवता येते, खोडता येत नाही. शेवटी ठसे नेहमीसारखे जुळले तरच डिस्कची किल्ली सोडते. मध्ये कुणी पहारेकरी बदलला असेल तर ठसा बदलतो आणि चिप तोंड मिटून बसते. किल्ली अशी अटीवर बंद करून ठेवण्याला आमच्या धंद्यात "सील करणं" म्हणतात.

सील म्हटल्यावर काका उठले. ट्रंकेतून एक कागद घेऊन आले. आमच्या घरातला एकमेव शिक्क्याचा कागद, त्यामुळे त्याला स्वतंत्र प्लॅस्टिकची पिशवी.

वर शिक्का असतो हे आपल्याला माहीत असतं. पण मजकूर संपतो तिथे एक छोटा शिक्का असतो, तो मोर्तब. म्हणून "शिक्कामोर्तब"! लेखन इथे संपलं, याच्या खाली कुणी एक ओळही वाढवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागद लांब असला तर तुकडे चिकटवून जोडत आणि पाठीमागे सांध्यावरही ठसा मारत. अर्धा ठसा या तुकड्यावर, अर्धा त्या. मधला तुकडा बदलला की ठसा जुळणार नाही. शिवाय दप्तरात नोंद झाल्याची खूण म्हणून "सुरु सूद बार" वगैरे शेरे. हे शेरे मी लहानपणापासून बघत आले होते आणि ते काहीतरी आशीर्वादासारखं असावं असं समजत होते. हसू नका.

काका तिथेच थांबले नाहीत. त्यांनी मला आणखी सहाशे-सातशे वर्षं मागे नेलं. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे ताम्रपट असत. गंडरादित्य, दुसरा भोज, हे बाराव्या शतकातले. दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचं, पत्र्यांना भोक पाडून सगळे एका कडीत ओवायचे आणि कडीच्या जोडावर गरुडाची मुद्रा बसवायची. पत्रा काढायचा किंवा बदलायचा तर कडी कापावी लागणार, आणि कापलेली कडी लपत नाही. "आता सांग," काका म्हणाले, "तुमच्या चिपेत नवीन काय हाय?"

मी म्हटलं, फरक आहे. कडी कापली तर कळतं, पण पत्रा वाचता येतोच. शिक्का खोटा ठरला तरी मजकूर आपल्या डोळ्यांपुढे असतो. त्यावर वाद घाला, पंचायत बसवा, चार जाणत्यांना दाखवा. जुना शिक्का साक्ष देत होता. आमची चिप साक्षही देते आणि मजकूरही गिळून बसते. मदरबोर्ड बदलला म्हणजे चिप बदलली. नव्या चिपेला काका कोण, आम्ही कोण, काहीच माहीत नाही. तिने कुणालाही आत सोडलं नसतं, आणि चोर असता तर याच गोष्टीचं मी कौतुक केलं असतं.

(ही चिप अभेद्य आहे असंही नाही. २०१० मध्ये क्रिस्टोफर टार्नोव्हस्की नावाच्या माणसाने सूक्ष्मदर्शक, आम्ल आणि बारीक सुया वापरून एक टीपीएम उघडून दाखवली. त्याला महिनोन्महिने लागले. २०१७ मध्ये चेक संशोधकांना इन्फिनियॉन कंपनीच्या चिपांमधल्या किल्ल्या बनवण्याच्या पद्धतीतच खोट सापडली आणि एस्टोनियाला साडेसात लाख ओळखपत्रांचा घोर लागला. पण त्यातलं काही आमच्या कामाचं नव्हतं. तांत्रिक मित्रांनो, सुचवण्यासाठी धन्यवाद, मी सगळं करून पाहिलंय.)

तर सहा वर्षांचं काम गेलं. अगदी सगळं नाही. २०२१ मध्ये काकांनी मला मेलवर पाठवलेली चाळीसेक पानं माझ्याकडे निघाली. मी तेव्हा "छान!" असं उत्तर पाठवून ती उघडलीही नव्हती. ती आता वाचली. १८३० च्या सुमाराचा एक कागद आहे, दोन भावांच्या बांधाच्या भांडणाचा. धाकट्याने म्हटलंय की थोरल्याने रात्री दगड सरकवला. पंचांनी विचारलं, कशावरून? तर धाकटा म्हणतो, दगडाखालची माती ओली होती आणि शेजारची कोरडी. मी हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसले. पान संपतं तिथे काकांनी कंसात लिहिलंय, "पुढील कागद लावणे बाकी." तो त्यांनी पुढे लावला होता. निकाल काय लागला हे त्यांना पक्कं आठवत नाही, आणि तो टाइप केलेला मजकूर आता त्या डिस्कमध्ये आहे.

मूळ कागद मात्र ट्रंकेत आहेत. पुराची ओल लागून कडा तपकिरी झाल्यात, पण अक्षर स्वच्छ आहे. काकांनी पहिल्या रुमालाची गाठ पुन्हा सोडली आहे. या वेळी आधी दोनशे पानी वहीत शाईने, मग टायपिंग. वय अठ्ठ्याहत्तर. रोज दोन तासांऐवजी आता एकच तास जमतो, डोळे दुखतात. बांधाचं भांडण दुसऱ्या रुमालात आहे, तिथवर यायला दीड वर्ष लागेल असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, ते आधी घ्या की. तर म्हणाले, "क्रम मोडायचा न्हाई."

लॅपटॉप नव्याने लावला, तो या वेळी माझ्या देखत. ४८ आकडी किल्ली पडद्यावर आली तशी मी ती छापायला निघाले. काकांनी थांबवलं. स्वतः पेन घेऊन बसले. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पहिले चार एका कागदावर, उरलेले चार दुसऱ्यावर. दोन्हीची माझ्याकडून वाचून घेऊन पडताळणी केली, तारीख टाकली, खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. पाकिटांना लाख लावली. लाख घरात होती! पहिलं पाकीट ट्रंकेत गेलं. दुसरं घेऊन ते स्वतः एसटीने सांगलीला आत्याकडे गेले आणि वहीत पोच सही घेऊन संध्याकाळी परत आले.

आत्या, ते पाकीट कुठे ठेवलंयस हे इथे लिहू नकोस. आणि तांदळाच्या डब्यात असेल तर आजच हलव, काकांनी ओळखलंय.